तीन मिनिटांची मोजणी

सातारा-सांगलीकडं जमिनीचं भांडण एकाच पिढीत मिटलं तर भाऊबंदांनाच चुकल्या-चुकल्यासारखं होतं. बांध कोरायचा, नांगराचा एक तास गुपचूप पलीकडं न्यायचा, मग मोजणी मागवायची आणि मोजणी झाली की तिच्यावर हरकत घ्यायची, असा तो रमतगमत चालणारा उद्योग. जपान्यांनी हेच भांडण तीन मिनिटांत बसवलंय हे कळल्यावर मला आधी त्यांची कीवच आली.

खेळाचं नाव स्प्लॅटून. क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीनं तो 2015 मध्ये काढला. तिसरा भाग 2022 मध्ये आला. चौघं इकडं, चौघं तिकडं, आणि खेळणारे बसलेले कुठल्या कुठल्या गावी. हातात बंदुका, पण त्यातून उडते रंगीत शाई. कुणाकडं रोलर, कुणाकडं कुंचला, एखाद्याकडं चक्क बादली. वेळ संपली की एक गुबगुबीत बोका कुणी किती जमीन रंगवली ते टक्क्यांत सांगतो आणि जिंकणाऱ्यांचं निशाण उंच करतो. त्याच्यावर अपील नाही. (असा बोका आमच्याकडं बदलून आला तर कचेरीसमोरचे चहावाले आधी मोर्चा काढतील.)

खेळातली पोरं मनात येईल तेव्हा माकूल होतात. आम्हा घाटावरच्या लोकांना माकूल ताटातसुद्धा क्वचित भेटतं, पण त्याची ही तऱ्हा ओळखीची वाटली. आपल्या रंगात बुडी मारली की ते सुसाट पोहतं, संपलेली शाईही भरून घेतं. दुसऱ्याच्या रंगात पाय पडला की रुतून बसतं. आपल्या शिवारात वाघ, परक्या शिवारात गोगलगाय. पहिल्या कच्च्या नमुन्यात म्हणे माकुलाऐवजी टोफूसारखे पांढरे ठोकळेच एकमेकांवर शाई उडवत होते. बरं झालं बदललं.

बंदुकीच्या खेळांशी माझं कधी जमलं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये बंदी येईपर्यंत गावोगावच्या पारांवर पोरं माना खाली घालून पब्जी खेळायची. बेटावर शंभर उतरणार, शेवटी एक उरणार. एकट्यानं जिंकून मग बोलायचं कुणाशी, हे मला कधी उमगलं नाही. स्प्लॅटूनमध्ये शाई बसली की गडी फुटतो, काही सेकंदांत आपल्या मुक्कामावरून पुन्हा हजर. रक्त नाही, सुतक नाही.

तरी पुतण्यानं खेळायला बसवलं तेव्हा मी सवयीनं समोरच्याच्या मागं धावत होतो. तो वैतागला. “तात्या, माणसांच्या मागं कशाला लागताय? रान रंगवा, रान!”

सगळी गोडी इथंच आहे. नेम चुकला तरी शाई कुठंतरी पडतेच, आणि पडली तिथली जमीन आपली होते. माझ्यासारख्या आंधळ्या नेमबाजाला इतकी इज्जत दुसऱ्या कुठल्या खेळानं दिलेली नाही. आईच्या हातात रोलर दिला, तर ती सारवायला बसल्यासारखी मुक्कामाचे कोपरे भरत राहिली. पुढं धुमश्चक्री चाललेली, आणि ही म्हणते, “अरे, हितं जरा राहिलंय.” त्या ‘राहिलेल्या’ जागेनंच आम्ही जिंकलो.

अशा बिनजखमेच्या लढाया आम्हाला नव्या नाहीत म्हणा. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरीच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या राहून एकमेकींना यथेच्छ शिव्या घालतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. बघायला ही गर्दी लोटते. वर्षभर साठलेलं एका दुपारी ओढ्यात सोडायचं आणि घरी जायचं. फक्त निकाल द्यायला बोका नाही.

स्प्लॅटूनमध्येही मधूनमधून उत्सव असतो. आधी एक बिनमहत्त्वाचा प्रश्न टाकतात, त्यावरून तट पडतात आणि मग शाई उडते. 2017 मध्ये अमेरिकेत केचप की मेयोनीज यावर अशी झुंज झाली होती. पुतण्यानं लगेच घरात विचारलं, “साताऱ्याचे कंदी पेढे की सांगलीचं भडंग?” मी जन्माचा सातारकर. पण सासुरवाडी सांगलीची, आणि सौभाग्यवती नेमक्या त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या. मी बादली उचलली आणि भडंगाकडून उतरलो.