हॉलंडवाला येईपर्यंत

इलेक्ट्रॉनिक संगीताचा अल्बम काढायचा तर हल्ली संगीताचं नंतर बघतात, आधी विक्षिप्तपणा तपासतात. तो नुसता असून भागत नाही, चारचौघांत दिसावा लागतो. रात्री दोन वाजता घरात एकट्यानं विचित्र वागणाऱ्याला शेजारी वेडा म्हणतात. तेच लंडनच्या आकाशात केलं की त्याला ‘संकल्पना’ म्हणतात.

रिचर्ड डी. जेम्स ऊर्फ अ‍ॅफेक्स ट्विन हे या पंथाचं जागृत देवस्थान. माणूस वाढला इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलात. मुलूख आपल्या ओळखीचा वाटावा असा: समुद्र, मासेमारी, बंद पडलेल्या खाणी, सुट्टीत पाहुण्यांची झुंबड आणि बाहेरच्यांनी घेऊन ठेवलेली बंद घरं. फरक एवढाच, की तिथल्या घराच्या कागदावर छत्तीस जणांची नावं नसावीत. तर या बाबानं कार्यक्रमात रेकॉर्डऐवजी पॉलिशपेपर वाजवला, स्वयंपाकघरातला मिक्सरही वाजवला. २०१४ साली बऱ्याच वर्षांनी त्याचा ‘सायरो’ नावाचा अल्बम यायचा होता, तेव्हा लंडनवर एक हिरवा फुगा तरंगला. त्यावर याचं बोधचिन्ह. आणि अल्बमच्या मुखपृष्ठावर काय? खर्चाची यादी. जाहिरातीला किती, छपाईला किती, एका प्रतीमागे कशाकशाला किती पडले, सगळं पै-पैचं. जग म्हणालं, वा! पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं.

आमच्याकडे जत्रेचा जमाखर्च दरवर्षी देवळाच्या भिंतीवर लागतो. त्यात फुलवाल्याचे किती राहिले हेसुद्धा असतं. त्याला आजवर कुणी ग्रॅमी दिलेलं नाही. उलट पुढच्या बैठकीत भांडणं होतात.

ही झाली जगाची रीत. आता आपली बघू. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा होऊन आपला सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला आला. त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे आपल्या जिल्ह्याला दात येत होते तेव्हा, मुंबईत चरणजित सिंग नावाच्या गृहस्थानं एक रेकॉर्ड काढली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारा, एरवी लग्नकार्यांतून कार्यक्रम करणारा सरळमार्गी वादक. फुगा नाही, फलक नाही. रेकॉर्डचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’. दुकानात मागणाऱ्याला एका दमात म्हणता येऊ नये, इतपत खबरदारी घेतलेली. आत भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. आणि सगळ्यांच्या खाली डिस्कोचा ठोका, जो ललतलाही सोडत नाही नि यमनलाही.

हत्यारं तीन, तिन्ही रोलँड कंपनीची: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, ८०८ हे तालयंत्र आणि ३०३ ही चंदेरी रंगाची छोटी पेटी. या तिसरीची कथा ऐकण्यासारखी आहे. एकट्या गिटारवाल्याला साथीला बास वाजवणारा मिळाला नाही तर अडू नये, म्हणून जपान्यांनी ती बनवली. पण तिचा आवाज बासगिटारसारखा येईना. १९८४ पर्यंत कारखान्यानंच हात टेकले आणि पेटी जुन्या बाजारात पडेल भावाला गेली. तिथून ती शिकागोतल्या पोरांनी उचलली, नको ती बटणं नको तितकी पिळली, आणि १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ नावाची रेकॉर्ड निघाली. त्यातून ‘अ‍ॅसिड हाउस’ हा अख्खा संगीतप्रकार जन्मला, असं इतिहास सांगतो. म्हणजे सांगत होता.

चरणजितांनी हीच पेटी पाच वर्षं आधी भैरवाला जुंपली होती. त्या पेटीत एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जायची सोय आहे. आपल्या भाषेत मींड, त्यांच्या भाषेत एक बटण. इथे थोडं थांबायला हवं. आपल्या आकाशवाणीनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, ती सत्तरच्या दशकाच्या तोंडापर्यंत टिकली. हार्मोनियमवरचा एक मोठा आरोप हाच, की तिच्यात मींड निघत नाही, सबब परकी. म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली पेटी परकी ठरली, आणि मींड काढली ती कुणी? रोलँडनं. (दिल्लीची ती बंदी दशावताराच्या पायपेटीला कळवायला कुणी आलं नव्हतं. आलं असतं तरी राजाचा प्रवेश संपेपर्यंत त्याला मांडवात बसून राहावं लागलं असतं.)

चरणजितांची रेकॉर्ड अर्थातच पडली. शास्त्रीयवाल्यांना डिस्को नको होता, डिस्कोवाल्यांना तोडी. गृहस्थ पुन्हा आपल्या कामाला लागले. मग २००२ साली एदो बाउमन हा हॉलंडचा माणूस दिल्लीत जुन्या रेकॉर्डी धुंडाळत असताना त्याच्या हाती ही लागली. त्यानं मुंबईत चरणजितांचा पत्ता काढला आणि २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणली. युरोपला घाम फुटला. १९८२ साली मुंबईत हे कसं होईल? काहींनी ठरवलं, ही थाप आहे, आणि असली थाप मारणारा कोण, तर अ‍ॅफेक्स ट्विन! एका हिंदुस्थानी वादकानं काहीतरी आधी केलं यापेक्षा एका इंग्रजानं खोटं केलं, हे पटायला सोपं गेलं. शेवटी सत्तरी ओलांडलेले चरणजित युरोपच्या मंचांवर उभे राहून नातवंडांच्या वयाच्या पोरांना मालकंसावर नाचवून आले. २०१५ च्या जुलैत ते गेले. आपल्याकडे त्यांची ओळख ‘परदेशात गाजलेले’ अशी करून देण्यात आली, ती आजही तशीच चालू आहे.

आता समजा, आपल्या वाडीतल्या बेंजो पार्टीतल्या कॅसिओवाल्यानं उद्या असा अल्बम काढला. दांडीवरच्या ट्रॉलरचं इंजिन, बर्फ फोडायच्या यंत्राचा खडखडाट, लिलावाची ओरड, सगळं ऑक्टापॅडवर चढवून खाली मालकंस. पहिला अभिप्राय घरातूनच येईल, “ह्या काय वाजवतंस रे मेल्या? लाईट कमी इली काय?” दुसरा अभिप्राय मंडळाच्या अध्यक्षांचा, की प्रकाशन करू, पण फलकावर फोटो कुणाकुणाचे? मग मालवणात फुग्याची गरज उरत नाही. भरड नाक्यावर बारा फुटी फलक लागेल. त्यावर सोळा शुभेच्छुक हात जोडून उभे असतील आणि कलावंत खालच्या कोपऱ्यात, पासपोर्ट आकारात. प्रकाशनाला साहेब तीन तास उशिरा येतील, दहाच्या ठोक्याला पोलीस ध्वनिक्षेपक बंद करायला सांगतील, आणि अल्बममधला एकही सूर न वाजता तो प्रकाशित होईल. याहून प्रायोगिक संगीत कॉर्नवॉलातही झालेलं नसावं.

खरं तर अल्बमचीही गरज नाही. भजनाच्या एखाद्या डबलबारीला जाऊन बसा. समोरासमोर दोन बुवा, मधे माणसांचा समुद्र. बुवा पेटीच्या भात्यावर हात ठेवून अभंग उचलतो, आणि दुसऱ्या ओळीला लक्षात येतं की चाल गेल्या महिन्यात आलेल्या सिनेमातली आहे. पखवाजवाला धुमेची कणीक अंगठ्यानं दाबून बघतो, एक बोट पाणी लावतो, पुन्हा थाप देतो. ८०८ वाले ज्या घुमाऱ्यासाठी बटण फिरवत बसतात, तो घुमारा इथे मूठभर पिठात मिळतो, आणि कार्यक्रमानंतर पीठ गाईला घालता येतं. पलीकडचा बुवा तीच चाल उलटी फिरवून, समोरच्याला टोमणा मारून परत पाठवतो. अंगावर काटा येतो. हे सगळं आधी कुणी केलं, कधी केलं, कुठे लिहिलेलं नाही. कारण कुणाला यात काही विचित्र वाटलेलंच नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक भजनी मंडळानं आपल्या बारीची एक रेकॉर्ड छापून घ्यावी आणि ती दिल्लीच्या भंगारबाजारात नेऊन टाकावी. चरणजितांचा हिशेब धरला तर प्रसिद्धीला २८ वर्षं लागतात. तोवर आपला महामार्गही पुरा झालेला असेल, म्हणजे हॉलंडवाल्याला कुडाळपर्यंत यायला त्रास नको.

एका बुवांना हे सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी पान लावता लावता ऐकून घेतलं.

“मालकंस? तो आमी गजराक लावतंव. त्येच्यात काय मोठा?” ते म्हणाले. “पण त्या हॉलंडवाल्याक सांग, येवचा तर शिमग्यात ये. गणपतीत आमच्या तारखा भरल्यात. आणि बिदागी आधी. येण्या-जाण्याचा भाडा कोण देतलो, ताव विचार.”