कोकोचे बाबा

कोकोच्या बाबांना त्यांच्या स्वतःच्या कोलेस्टेरॉलचा आकडा विचारला तर ते बायकोकडे बघतात. कोकोच्या खाण्यात प्रथिनं किती, स्निग्धांश किती आणि राख किती, हे मात्र झोपेतून उठवून विचारा. हो, राखसुद्धा! पिशवीवर 'ॲश' म्हणून जो आकडा छापतात तो खनिजांचा असतो, हे सोसायटीच्या वॉचमनलाही आता पाठ झालंय.

कोको हा शित्झू जातीचा छोटा कुत्रा. लेकीला नोकरीसाठी बंगळुरूला जावं लागलं आणि 'थोडे दिवस सांभाळा' म्हणून तो कोथरूडला आला. थोड्या दिवसांसाठी पुण्यात आलेलं कुणी परत जात नाही, तसा तोही गेला नाही. बाबा बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला. घरी मात्र ते खातं बायकोकडे. त्यामुळे माणूस अगदी रिकामा झाला होता. अशात तीन किलोची खाद्याची पिशवी घरात आली आणि तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत भरपूर मजकूर निघाला. बाबा त्याच दिवशी पुन्हा कामावर रुजू झाले.

त्यांना बघायचं तर पेट शॉपमध्ये बघावं. दुकानातला पोरगा उत्साहानं एक चकचकीत पिशवी पुढे करतो.

"काका, हे घ्या. प्रीमियम आहे. शित्झूवाले सगळे हेच नेतात."

"सगळे काय नेतात ते मी विचारलं नाही. पहिला घटक कोणता?"

"चिकन आहे ना, काका. फोटोच आहे."

चष्मा कपाळावर जातो, पिशवी नाकाजवळ येते. "घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात. वजन कुठलं? कच्च्या मालाचं. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्के पाणी. ते पाणी वजा कर आणि मग बघ तुझं चिकन कितव्या नंबरावर जातंय!"

पोरगा काही वजा करत नाही. पण मागे मांजराची वाळू घ्यायला उभ्या असलेल्या बाई हळूच आपल्या हातातलं पाकीट उलटं करून वाचायला लागतात. तेवढा श्रोता बाबांना पुरतो. मग ग्रेव्हीचं पाकीट आणि कोरडे दाणे यांचा जाहीर ताळेबंद होतो. ग्रेव्हीवर प्रथिनं ८ टक्के, दाण्यांवर २४. वरवर बघणारा म्हणेल, दाणे तिप्पट भारी. पण ग्रेव्हीत पाणी ७८ टक्के आणि दाण्यांत १०. पाणी बाजूला काढून हिशेब मांडला की ग्रेव्ही ३६ टक्क्यांवर जाते आणि दाणे २७ वर राहतात. "छापलेला आकडा खरा असतो, पण पूर्ण नसतो," असं म्हणून बाबा त्या बाईंना शेवटचा मंत्र देतात. "पिशवीवर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' लिहिलंय का ते आधी बघा. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर ते तोंडी लावणं. नुसत्या तोंडी लावण्यावर कुणी जगतं का?"

सकाळी बागेत खरी संसद भरते. तिथे पहिला पंथ कच्च्या मांसाचा. 'कुत्रा म्हणजे मूळचा लांडगा' हे त्यांचं आद्य वचन. बाबा २०१३ साली 'नेचर'मध्ये आलेलं संशोधन काढतात : पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. "माणसाच्या भाताशी त्याची सोयरीक हजारो वर्षांची आहे, साहेब. आणि तुमचा लांडगा आत्ता बाकाखाली खारी खातोय." दुसरा पंथ धान्यविरहित खाण्याचा, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दाखला असतो. अशा काही खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी त्यांनी २०१८ मध्ये सुरू केली होती. तिसरा पंथ घरच्या चिकन-भाताचा. "त्यात कॅल्शियम कुठाय?" या एका प्रश्नात तो गारद होतो. कुणी चुकून "हाडं घालतो ना" म्हणालंच, तर शिजलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्या कशा होतात आणि आतड्यात काय करतात, याचं वर्णन सुरू होतं आणि लोक पोह्यांची वेळ झाली म्हणून उठतात.

घरातल्या निषिद्ध पदार्थांची यादी फ्रिजवर लावलेली आहे. चॉकलेट वर्ज्य, म्हणजे कोकोला कोकोच चालत नाही. नाव ठेवताना लेकीनं विचारलं नव्हतं. द्राक्षं आणि बेदाणे वर्ज्य, कारण मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणून शिऱ्याचा वाडगा आला की बाबा पहाऱ्याला बसतात. शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल तर थेट विषच. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून तेही बंद. आजींना, म्हणजे बाबांच्या मातोश्रींना, हे एकच कलम मनापासून पटलं. "म्हणजे त्याला बारमाही चातुर्मास म्हण की!" तेव्हापासून त्यांच्या नजरेत कोकोचं चारित्र्य एकदम उंचावलं.

पण तुपावरून मायलेकांचं जमत नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आजी दर आठवड्याला सांगतात. बाबांचं म्हणणं, कुत्रा लहान जातीचा असता तर मी नामदेवांच्या मागे धावलो असतो. एवढ्या तुपानं स्वादुपिंडाला सूज येते. १८६० च्या सुमाराला जेम्स स्प्रॅट नावाच्या गृहस्थानं लंडनमध्ये कुत्र्यांसाठी खास बिस्किटं विकायला काढली आणि हा सगळा धंदा उभा राहिला, हेही त्यांनी आईला एकदा समजावून सांगितलं. "मग त्याच्या आधी कुत्री काय खायची?" आजींनी विचारलं. बाबा विचारात पडलेले बघून उत्तरही त्यांनीच दिलं, "उरलेलं."

विजेच्या बिलाच्या पाठीमागे कोकोचं सूत्र मांडलेलं आहे. वजनाचा पाऊण घात, गुणिले सत्तर, गुणिले एक पूर्णांक सहा. पाच किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३७५ कॅलरी, म्हणजे दर किलोमागे ७५. तीस किलोच्या लॅब्रडॉरला दर किलोमागे ४८ पुरतात. लहान कुत्र्याची भट्टी जास्त पेटलेली आणि पोट मात्र चिमुकलं. म्हणून त्याचे दाणे बारीक आणि जास्त कॅलरीचे. खाणं बदलायचं तर आठवडा ते दहा दिवस घ्यायचे, चौथाई नवं आणि तीन चौथाई जुनं अशी सुरुवात करत. स्वतःची चहातली साखर बाबांनी एका दिवसात सोडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धरली, पण कोकोचं वेळापत्रक चुकलं नाही.

इतकं सगळं होऊन कोकोचं वजन साडेसात किलो.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बरगड्यांवरून बोटं फिरवली. मुठीच्या उलट्या बाजूला हाडं लागतात तशा बरगड्या लागल्या की कुत्रा हडकुळा. हाताच्या पालथ्या पंजावरून बोटं फिरवल्यासारख्या लागल्या पाहिजेत. कोकोच्या बरगड्यांचा पत्ताच नव्हता. नवाच्या मापावर चार-पाच गुण उत्तम. कोकोला आठ मिळाले. पुण्यात गुण जास्त मिळून आईबापांना वाईट वाटल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

"काका, खाणं उत्तम निवडलंय," बाई म्हणाल्या. "आता देता कसं ते सांगा."

आधी वरखर्चाची चौकशी झाली. आजींची ग्लुकोज बिस्किटं निघाली, चार. एकात पंचवीसेक कॅलरी धरल्या तरी शंभर झाल्या, म्हणजे दिवसाच्या कोट्यातला पाव हिस्सा. माणसाच्या हिशेबानं पोटभर जेवणावर चार-पाच पोळ्या. खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत बसवायचा, हे बाबांनीच फ्रिजवर लिहिलेलं. त्यांनी विजयी मुद्रेनं बायकोकडे बघितलं.

"आणि मापाची वाटी?" बाईंनी विचारलं. वाटी पिशवीत होतीच. वजनकाट्यावर ठेवून बाबांनी ती रोजच्यासारखी भरून दाखवली. भरली, बोटानं सपाट केली, काटा ५० ग्रॅमवर थांबला. आणि मग त्यांचा हात आपोआप पुन्हा दाण्यांकडे गेला. वर एक चिमूट, मग आणखी एक. वाटीला छान शीग आली. काटा ७२.

"हे वरचं काय?"

"ते... असंच." बाबांचा आवाज प्रथमच आकड्याशिवाय आला. "सपाट वाटी बरी दिसत नाही हो. घरातल्याला काय मोजून वाढायचं?"

इथे बँकेचं ऑडिट खातं संपतं आणि कोकणातलं आजोळ सुरू होतं. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी जिलबी पडतेच, अशा घरात वाढलेल्या माणसाला पिशवीवरचं शेवटचं अक्षर वाचता येतं. ते पाळणं हाताला जमत नाही. कोकोला प्रथिनांची टक्केवारी कळत नाही, पण आग्रह पहिल्या दिवसापासून कळतो. आणि आग्रहाला नाही म्हणायची रीत त्याच्या जातीत नाही.

तेव्हा घरात छोटं कुत्रं असेल तर ब्रँडवरून बागेत भांडू नका. वयाला आणि चणीला साजेसं, 'कम्प्लीट' लिहिलेलं, खिशाला झेपणारं एक खाणं निवडा, शंका आली तर डॉक्टरांना विचारा, आणि वाढायला एकच माणूस नेमा. स्वयंपाकघरातला काटा वापरा. आग्रह पाहुण्यांना करा. ते निदान चालत घरी जातात.