साहेब, निदान प्लेट-होल्डर तरी पाठवा!

जुन्या वस्तूंच्या बाजारातले थोर रत्नपारखी यांस,
मुक्काम दिवेआगर येथून स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या काकांच्या एकसष्टीला भेट म्हणून आपण ‘लंडनचा, एकदम चालू कंडिशनमधला’ लाकडी हाफ प्लेट कॅमेरा अवघ्या २५ हजारांत देऊन आम्हांला उपकृत केलंत, त्याचे जाहीर आभार मानायचे राहिले होते. काकांनी श्रीवर्धनात उभी हयात फोटो स्टुडिओ चालवला, असं मी तेव्हा सांगितलं, तर आपण म्हणालात, ‘मग काय, त्यांना बघताक्षणी कळेल!’ आपलं तेवढं एक वाक्य मात्र अगदी खरं निघालं.

काकांनी आपल्या लखलखीत पितळेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माजघराची दारं लावून घेतली आणि भात्याच्या आत मोबाइलचा टॉर्च धरला. भात्याच्या प्रत्येक घडीच्या कोपऱ्यातून उजेड बाहेर आला. अवसेच्या रात्री आमच्या किनाऱ्यावरही इतकी नक्षत्रं दिसत नाहीत! कॅमेरा म्हणजे आधी काळोखाची पेटी, बाकी सगळं मागाहून. आपण भात्याला बाहेरून काळं बूट पॉलिश फासलंत, त्या मेहनतीची दाद द्यायलाच हवी. बोटांना ते अजून लागतंय.

मग काकांनी डोक्यावर काळं कापड घेतलं. मागच्या दुधी काचेवर प्रतिमा उलटी का होईना, पण उमटावी लागते. आपण तिथे खिडकीची स्वच्छ, पारदर्शक काच बसवलीत. काच खरखरीत नसेल तर तिच्यावर प्रतिमा ठरत नाही आणि फोकसही करता येत नाही. पलीकडची वाडी मात्र सुरेख दिसते. ती आम्हांला कॅमेऱ्याशिवायही दिसत होती.

या वाडीसाठीच तर सगळा खटाटोप होता. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्याकडच्या पोफळी शेकड्यांनी आडव्या झाल्या. आता नव्या उभ्या राहताहेत, त्यांचे फोटो काकांना काढायचे आहेत. उंच झाडांवर साधा कॅमेरा खालून रोखला की ती वर जाऊन एकमेकांच्या गळ्यात पडलेली दिसतात. जुन्या लाकडी कॅमेऱ्यात पेटी सपाट ठेवून नुसता लेन्सचा पाट वर सरकवता येतो आणि पोफळ सरळ उभी राहते. आपण तो पाट हलू नये म्हणून दोन खिळे मारून पक्का केलात. वस्तू टिकावी ही आपली तळमळ कळली.

आता त्या ‘लंडन, १९१०’च्या पितळी पट्टीबद्दल. तिच्याखाली लांबी भरलेली जुन्या स्क्रूंची चार भोकं काकांना सापडली. सागाचं लाकूड आणि सांध्यांची घडण त्यांच्या हातांनी ओळखली. हा केरळातला ‘वागीश्वरी’. अलप्पुझाच्या के. करुणाकरन यांनी १९४०च्या दशकात एका स्टुडिओवाल्याचा फाटका भाता दुरुस्त करता करता स्वतःच कॅमेरे घडवायला घेतले आणि पुढे ते देशभरच्या स्टुडिओंत पोहोचले. काकांनी अर्धं आयुष्य तसल्याच कॅमेऱ्यावर काढलं. बापाचं नाव खरवडून त्याजागी गोऱ्याचं लावलंत, की दर दुप्पट! आणि भाता दुरुस्त करून ज्याची सुरुवात झाली, त्याच्याच कॅमेऱ्याचा भाता आपण चाळण करून विकलात.

हेही आम्ही गोड मानून घेतलं असतं. भाता नवा शिवता येतो, काच बारीक पावडरीने घासून खरखरीत करता येते, खिळे उपटता येतात. जुन्या मापाच्या प्लेटा सहज मिळत नसल्या, तरी लाल दिव्यात एक्स-रे फिल्म कापून भागवणारे हौशी लोक आहेत. पण फिल्म ठेवायची कशात? होल्डर ज्या त्या कॅमेऱ्याच्या मापाचे असतात, दुसऱ्याचे सहसा बसत नाहीत. ‘होल्डर कुठेत?’ असं विचारल्यावर आपण म्हणालात, ‘ती काळी फळकुटं? दिली टाकून, शोला बरी दिसत नव्हती.’ बंद पडलेल्या स्टुडिओतून अख्खा संच उचलायचा, चांगली लेन्स वेगळी काढून दर्दी माणसाला विकायची, होल्डर भंगारात द्यायचे आणि उरलेल्या सांगाड्याला पॉलिश मारून रिसॉर्टच्या काउंटरवर उभं करायचं, हा आपला धंदा. आमची चूक इतकीच, की आम्हांला फोटो काढायचे होते.

तरी एक विनंती. सहकुटुंब दिवेआगरला या. रूपनारायणाचं दर्शन घ्या, उकडीचे मोदक खा. मग पोफळीखाली उभं करून काका याच कॅमेऱ्याने आपला फोटो काढतील. हलू नका, हसा, पोट आत घ्या. प्रिंटचे २५ हजार तेवढे आगाऊ द्या. फोटोत काहीच आलं नाही, तरी हरकत घेऊ नका. फ्रेम पितळेची देऊ, चांगली घासूनपुसून.

आपलं,
एक ‘चालू कंडिशनमधलं’ गिऱ्हाईक