पाटी वाचू नये

तलवारीसमोर उभं राहून ‘हे काय असेल बरं?’ असं आजवर कुणी विचारलेलं नाही. घराण्यात सात पिढ्यांत कुणी लढाईवर गेलेलं नसलं, तरी ती कुठे धरायची आणि कुठे खुपसायची हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं. पण पणजीनं रोज हाताळलेली एखादी पितळी वस्तू पुढे ठेवा. पणतू ती उलटी करून बघतो, सुलटी करून बघतो आणि शेवटी तिच्यात पेनं उभी करून ठेवतो. लढाई कधीमधी व्हायची, स्वयंपाक दिवसातून दोनदा. तरी लोकांच्या ओळखीची राहिली ती तलवारच.

म्हणून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शिरण्याआधीच भावजींनी नियम घालून दिला: पाटी वाचायची नाही. पुढे असेल त्यानं पाटी हातानं झाकायची, बाकीच्यांनी वस्तू कशाची ते सांगायचं, मग हात काढायचा. सगळ्यात जास्त चुकेल त्यानं बाहेर आल्यावर सगळ्यांना मस्तानी पाजायची. जिथे जिन्यापासून जोड्यापर्यंत सगळ्यावर पाटी असते, त्या शहरात पाटी न वाचता हिंडायचं म्हणजे धाडसच होतं.

भावजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जगातली कुठलीही वस्तू एकतर पाणी अडवते, नाहीतर पाणी सोडते, असं त्यांचं साधारण मत आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. आत्या ऐंशीच्या पुढची. ‘गाडी जातेच आहे तर बसते’ म्हणून आलेली. खेळात तिला कुणी धरलं नव्हतं. ‘आत्या, तुम्ही दमाल, तुम्ही नुसतं बघा,’ असं भावजी म्हणाले, त्यामागे प्रेम होतं. थोडा धोरणीपणाही असावा.

बाजीराव रस्त्यावरून नातूबागेत वळलं की हे संग्रहालय लागतं. दिनकर गंगाधर केळकर (1896-1990) यांचं चष्म्यांचं दुकान होतं, ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविता लिहीत. 1920च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि पुढे सगळं राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. 20,000हून अधिक वस्तू. सगळ्या मांडायला जागा नाही, त्यामुळे थोड्याच दिसतात. कोथरूडचा मस्तानीचा महालही त्यांनी इथे आणून उभा केला आहे. पण महाल आणायला मोठं मन लागतं, हे कुणालाही पटेल. लोकांच्या घरातून तस्त, पिकदाण्या, करंडे, दौती जमवत हिंडायचं, तर त्याच्या जोडीला लोकलज्जाही थोडी बाजूला ठेवावी लागत असणार.

पहिलीच वस्तू आली ती पितळेचा पक्षी. बोटभर उंच, सुबक, चपट्या बैठकीवर बसलेला.

‘पेपरवेट,’ भावजी म्हणाले. बैठकीच्या तळाला आडवेउभे चरे आहेत हे भाच्यानं वाकून पाहिलं आणि ‘शिक्का’ म्हणून जाहीर केलं. शिक्क्यावर अक्षरं का नाहीत असं विचारल्यावर म्हणाला, ‘निरक्षर राजाचा असेल.’

आत्या मागून म्हणाली, ‘अरे, वज्री आहे ती. टाच घासायची.’

हात काढला. वज्री. शेजारी अशा कितीतरी: मोर, हत्ती, माणसं. टाचेच्या भेगांसाठी एवढी कलाकुसर! भाचा हरखून गेला. आत्या मात्र बारकाईनं बघत राहिली आणि म्हणाली, ‘ज्यांच्या घरात असले मोर होते ना, त्यांच्या टाचांना भेगा कशाला पडतील? पाय मातीला लागायला हवेत. भेगा आमच्या. आम्ही कौलाचा तुकडा घ्यायचो.’ आणि पुढच्या कपाटाकडे गेली. संग्रहालयाविषयी इतकं नेमकं भाष्य मी जाड पुस्तकांतही वाचलेलं नाही.

अडकित्त्यांच्या दालनात नियमच मोडला, कारण ते सगळ्यांना ओळखू आले. फक्त भाच्याला पहिला अडकित्ता दात उपटायचा वाटला. सुपारी कातरण्याचं काम एकच, पण हत्यारं घोड्याची, पोपटाची, बायकांची, पुरुषांची. एकाचे दोन दांडे म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुष. उघडला की दूर, कातरला की जवळ. भावजी तंत्र समजावून सांगू लागले तेव्हा आत्या म्हणाली, ‘जावईबापू, पुढं चला. सुपारी कुणी खात नाही आता.’

शेवया पाडायच्या लाकडी साच्याला भाच्यानं व्यायामाचं यंत्र म्हटलं. आत्या म्हणाली, अगदीच काही चुकलं नाही. तिच्या माहेरी साचा असा होता, की दांड्यावर कुणीतरी बसून भार द्यायचा. उन्हाळ्यात शेवयांचा दिवस ठरला की वाड्यातल्या सगळ्यात वजनदार काकूंना आधी निरोप जाई. वर्षभर ज्या अंगावरून बोलणी खायची, त्याच अंगाचा त्या दिवशी मान. काकू दोन तास दांड्यावर बसून चहा पीत सूचना देत.

भावजींची मात्र एव्हाना पंचाईत झाली होती. त्यांनी युक्ती शोधली. न ओळखू येणाऱ्या प्रत्येक वस्तूला ते ‘धार्मिक विधीसाठी’ म्हणू लागले. ही युक्ती त्यांची एकट्याची नाही; पुरातत्त्वाच्या पंडितांवर हा आरोप फार जुना आहे. युरोपात रोमन काळातल्या काशाच्या काही पोकळ वस्तू सापडतात: मुठीत मावणाऱ्या, बारा पंचकोनी तोंडांच्या, प्रत्येक तोंडाला लहानमोठं भोक आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक गोळा. पहिलीची नोंद इंग्लंडात 1739 साली झाली. आता शंभरावर सापडल्या आहेत. कुणी म्हणतं मेणबत्ती खोचायची, कुणी म्हणतं अंतर मोजायचं, कुणी म्हणतं हातमोज्यांची बोटं विणायची. आणि काहीच जमलं नाही की अर्थातच धार्मिक विधी. रोमन लोकांनी कायदे लिहिले, लढाया लिहिल्या, जेवणाच्या पाककृतीसुद्धा लिहिल्या. या वस्तूविषयी एक ओळ सापडत नाही.

मी हे सगळं आत्याला सांगितलं. ती म्हणाली, ‘तिथं कुणी आत्या शिल्लक राहिली नसेल.’

घंगाळापाशी मात्र ती थबकली ती हलेना. मोठं तांब्याचं, कड्यांचं घंगाळ. ‘हे आमचं आहे,’ म्हणाली. आम्ही समजूत घातली की घंगाळं सारखीच दिसतात. पण तिचा मुद्दा वेगळा होता. तिच्या सासूबाईंचं असंच घंगाळ तिनं मोडीत घातलं होतं आणि त्या पैशांत स्टीलचे डबे घेतले होते, एकात एक बसणारे. आळीतल्या सगळ्यांनीच घेतले. त्या वेळी स्टील चकाकत होतं आणि तांब्याला चिंच लागत होती. ‘काठावर नाव असेल बघा,’ म्हणून ती वाकून, मान तिरपी करून शोधू लागली. पूर्वी भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव घालून घेत: कुणी दिलं, कुणाला, कधी. लग्नाच्या आहेरात भांडी बदलली तर तोच पुरावा. रखवालदार जवळ आला. ‘आजी, हात लावू नका.’ आत्या म्हणाली, ‘हात लावून लावूनच ते असं गुळगुळीत झालंय, बाबा.’ नाव सापडलं नाही. तिला बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही.

मस्तानी भावजींनी पाजली.

परतीच्या वाटेवर एका तालुक्याच्या गावी असाच एक संग्रह आहे असं कळलं. शाळेची एक खोली, दोन बाकं, जमवणारे निवृत्त गुरुजी. इथे पाट्याच नव्हत्या, त्यामुळे भावजींचा उत्साह दुणावला. एका फळीवर लाकडी आणि पितळी मापं ओळीनं होती. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. ‘मामा, हे तर बायनरी आहे!’ भाचा ओरडला. आत्या म्हणाली, ‘काय असेल ते असो. वाण्याचं मापटं आतून चेपलेलंच असायचं.’

मग भाच्याच्या हाती लागली तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. फुटकी वाटी कशाला ठेवली, असं तो विचारणार तोच गुरुजींनी पाण्याची बादली पुढे ओढली आणि ती वाटी अलगद पाण्यावर सोडली. घटिकापात्र. भोकातून पाणी आत चढतं, वाटी बुडते, एक घटका झाली. घटका म्हणजे 24 मिनिटं, दिवसरात्रीत 60. घड्याळं घरोघर येण्याआधी लग्नामुंजीचा मुहूर्त या वाटीवर लागत असे आणि ती केव्हा बुडते यावर डोळा ठेवायला एक माणूस बसवलेला असे.

भावजींनी मोबाइलवर वेळ लावली. आम्ही सगळे बादलीभोवती बसलो. कुणी बोलेना. वाटी बुडत नव्हती आणि उठून जावं असंही वाटत नव्हतं. अखेर ‘डुबुक’ झालं तेव्हा 22 मिनिटं झाली होती.

‘दोन मिनिटं पुढे आहे,’ भावजी आनंदानं म्हणाले. आयुष्यभर पाण्याचा हिशेब ठेवलेला माणूस. ‘भोक झिजून मोठं झालंय. साठ घटकांना दोन-दोन मिनिटं, म्हणजे दिवसाला दोन तासांची गळती! ही वाटी होती त्या घरात दिवस बावीस तासांचा होता, गुरुजी.’

‘सुनांना विचारा,’ आत्या म्हणाली. ‘सव्वीसचा होता म्हणतील.’

निघताना गुरुजींनी शेवटच्या बाकावरची एक वस्तू दाखवली. पितळेची, लांबट, एका टोकाला चमच्यासारखी खोलगट, दुसऱ्या टोकाला फिरणारी चकती, मध्ये कडी. ही कशाची ते त्यांनाही माहीत नव्हतं. शेजारी एक वही होती. येणाऱ्यानं आपला अंदाज लिहायचा. आम्ही चाळली. ‘कान साफ करणे (हत्तीचा).’ ‘जुन्या बंदुकीचा भाग.’ ‘सासूबाईंना विचारून कळवतो.’ एकानं लिहिलं होतं, ‘आमच्याकडेही अशीच एक आहे. कशाची ते समजल्यास कृपया कळवावे,’ आणि खाली पत्ता नव्हता. भावजींनी अर्धं पान भरून आकृतीसह पाण्याच्या झडपेचा सिद्धांत मांडला. भाच्यानं ‘धार्मिक विधी’ लिहून वडिलांकडे बघितलं.

मग सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. तिनं वस्तू हातात घेतली, चकती फिरवली, नखानं खरवडून बघितली, वास घेतला आणि परत ठेवली.

‘लिही,’ ती मला म्हणाली. ‘वस्तू चांगली आहे. पुष्कळ दिवसांत घासलेली नाही.’