क्वाड्रॅटमधला प्राणी

गडचिरोलीतल्या हेमलकशाला वन्य प्राणी बघायला लोक लांबलांबून येतात. डॉ. प्रकाश आमट्यांच्या प्राणी अनाथालयातले बिबटे, अस्वलं, साळिंदरं बघतात, मोबाइलमध्ये भरतात आणि परत जातात. तिथून जरा पुढे गेलं तर झाडीत आणखी एक प्राणी दिसतो, पण त्याचा फोटो कोणी काढत नाही. पँट मोज्यांत खोचलेली, गळ्यात जीपीएस, खांद्यावर नायलॉनच्या दोरीचं वेटोळं. एका खोडाला शिंप्याची टेप गुंडाळून तो काहीतरी पुटपुटत असतो. हा एम.एस्सी. फायनलचा विद्यार्थी. विषय वनस्पतिशास्त्र. त्याचं डेझर्टेशन चालू आहे.

हा मुळात जंगलाचा माणूस नव्हे. नागपूर-चंद्रपूरकडच्या एखाद्या कॉलनीत वाढलेला. झाडांशी त्याचा संबंध प्रॅक्टिकलच्या फायलीपुरता, आणि तीही ताईच्या फायलीवरून उतरवलेली. पण नव्या शैक्षणिक धोरणाने महाराष्ट्रातल्या दोन वर्षांच्या एम.एस्सी.त तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्या सत्रात 6 श्रेयांक संशोधन प्रकल्पाला बहाल केले. म्हणजे संशोधनाची आवड असो वा नसो, ते करण्यावाचून सुटका नाही.

विषय मिळतो तो गाईडच्या केबिनमध्ये, सर चहा पीत असताना.

“भामरागड घे. तिकडे फारसं काम झालेलं नाही.”

“का बरं नाही झालं सर?”

“जाऊन ये, समजेल.”

आणि समजतं. आलापल्लीहून एसटीने साठ-पासष्ट किलोमीटर घनदाट जंगलातून आलं की रेंज जाते, मग बॅटरी जाते आणि शेवटी उमेद जाते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की हेमलकसा आणि भामरागड यांच्यामधला तीनेक किलोमीटरचा रस्ताही तुटतो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम तिथे आहे. हे वाक्य तो ‘अभ्यासक्षेत्र’ या प्रकरणात घालणार असतो. संगम बघायला जाणं मात्र राहून जातं, कारण त्याला श्रेयांक नसतात.

लोकबिरादरी प्रकल्पात तो पाया पडायला जातो. इथली गंमत त्याच्या लक्षात येत नाही. 1973 साली बाबा आमट्यांनी हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे नागपूरचं पदव्युत्तर शिक्षण अर्धवट टाकून इथे आले आणि मंदाताईंबरोबर इथलेच झाले. 2008 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या जागेसाठी एकाने पदव्युत्तर पदवी सोडली, तिथेच दुसरा ती पदवी मिळवायला दोरी घेऊन हजर. अर्थात हे तो घरी सांगत नाही. वडील आधीच विचारतात, “हे जंगलात फिरून नोकरी लागते का रे?”

त्याची दोरी म्हणजे क्वाड्रॅट. जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा आणि आतली सगळी झाडं मोजायची. चौकोन कुठेही, नशिबाने पडेल तिथे पडावा असं शास्त्र सांगतं. याचे चौकोन नशिबाने नेमके डांबरी रस्त्याच्या कडेला आणि सावलीत पडतात. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा. शास्त्रातली छाती 1.37 मीटरवर ठरलेली आहे. याची स्वतःची तिथून चांगली चार बोटं खाली, त्यामुळे पहिल्या दिवशीची झाडं उगाचच जाडजूड निघतात.

ऐन तो लगेच ओळखतो, कारण त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. घोटाळा पुढे होतो. पहिल्या प्रकरणात तो ऐनाला ‘टर्मिनॅलिया टोमेंटोसा’ म्हणतो, तिसऱ्यात ‘टर्मिनॅलिया अलाटा’ आणि तक्त्यात ‘टर्मिनॅलिया एलिप्टिका’. तिन्ही नावं एकाच झाडाची, वेगवेगळ्या काळातल्या पुस्तकांतून उतरवलेली. तक्ता करताना तो प्रामाणिकपणे तिन्ही ओळी ठेवतो. त्यामुळे एकही रोप न लावता त्याच्या जंगलातली विविधता दोन जातींनी वाढते आणि त्यासोबत ती मोजणारा शॅनन निर्देशांकही वधारतो.

हा शॅनन म्हणजे अमेरिकेचा क्लॉड शॅनन. त्याला झाडांचं काही देणंघेणं नव्हतं. संदेशवहनात माहिती कशी मोजावी, यावर त्याने 1948 मध्ये एक लेख लिहिला. त्यातलं सूत्र पुढे पर्यावरणवाल्यांनी उचललं आणि आज ते भामरागडची झाडं मोजतंय. याच शॅननने 1937 साली एमआयटीला मास्टर्सचा प्रबंध दिला होता. रिले आणि स्विचची मंडलं बीजगणिताने सोडवता येतात, हे त्याने त्यात दाखवलं आणि पुढची डिजिटल यंत्रं त्याच पायावर उभी राहिली. तेव्हा त्याचं वय होतं एकवीस. आपला नायक तेवीस वर्षांचा आहे आणि त्याचा निर्देशांक एक्सेलमध्ये दर वेळी वेगळा येतो.

झाडं झाली की माणसं. प्रबंधाचा दुसरा भाग म्हणजे स्थानिक औषधी वनस्पतींचं सर्वेक्षण. त्यासाठी चार पानांची इंग्रजी प्रश्नावली. ती तो मनातल्या मनात मराठीत आणतो, आणि आश्रमशाळेतला आठवीचा मुलगा ती गावातल्या म्हातारीला तिच्या माडिया बोलीत सांगतो. म्हातारी पाचेक मिनिटं हातवारे करत बोलते. मुलगा ऐकून घेतो आणि म्हणतो, “पोटासाठी चांगलं हाय म्हणते.” तो लिहितो : पचनसंस्थेचे विकार. उरलेली चार मिनिटं जंगलातच राहतात.

वेळेचंही त्याचं काही जमत नाही. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. बायाबापड्या उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात आणि ऊन चढेपर्यंत वेचणी आटोपते. हा अकराला उगवतो आणि वहीत नोंद करतो : फुले आढळली नाहीत. मे महिन्यात सबमिशनची तारीख डोक्यावर आल्यावर तो पुन्हा प्रश्नावली घेऊन येतो, तर अख्खं गाव रिकामं.

“घरचे कुठं गेले?”

“तेंदूपत्ता तोडाले.”

“कधी येतील?”

“पत्ता सरला का.”

मग तो संध्याकाळी तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवर जातो. तिथे एक बाई सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधत बसलेली असते. बोटं झरझर पानं ओढतात, डोळे शेजारणीकडे, तोंडाने गप्पा, आणि तरी पुडक्यात पानं बरोबर सत्तर. हा तिच्यासमोर उभा राहून सकाळपासूनची सागाची झाडं तिसऱ्यांदा मोजतो आणि तिसऱ्यांदा वेगळा आकडा काढतो. कोणी कोणाची मुलाखत घ्यायची, हा प्रश्न त्याच्या प्रश्नावलीत नसतो.

खरं जंगल पुढेच आहे : लेखन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार मजकुरातलं साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरलं जात नाही. हे कळल्यावर त्याच्यातला संशोधक खऱ्या अर्थाने जागा होतो. सीनियरचं वाक्य घ्यायचं, चौदा शब्द मोजायचे आणि पंधरावा बदलायचा. जंगलात कधी न दिसलेली अचूकता इथे दिसते. ऋणनिर्देश तर तपासणीतून वगळलेलाच असतो, त्यामुळे तो सीनियरचा जसाच्या तसा येतो. त्यात सीनियरच्या आजीचे आशीर्वादही असतात.

मग जाडीची चिंता. प्रबंध हातात घेतल्यावर वजन लागलं पाहिजे, अशी विभागात समजूत आहे. म्हणून ओळींत दीडपट अंतर, रंगीत फोटोंची वीस पानं, त्यांपैकी सहांत तो स्वतः. कमला सोहोनींनी 1939 मध्ये केंब्रिजला दिलेला पीएच.डी.चा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं, हे त्यांनी तेवढ्यात मांडलं. आपल्या नायकाची चाळीस पानं प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, अनुक्रमणिका आणि प्रस्तावना यांतच खर्ची पडतात. कमलाबाईंच्या थोरल्या बहीण दुर्गा भागवत गोंडांच्या लोकजीवनाचा अभ्यास करायला मध्य प्रांतातल्या जंगलात गेल्या, तिथे गंभीर आजारी पडल्या आणि त्यांची पीएच.डी. राहूनच गेली. म्हणजे एकाच घरात प्रबंध चाळीस पानांतही झाला आणि झालाही नाही. हा इतिहास आपल्या नायकाला ठाऊक असता, तर तो दुसऱ्या पर्यायाकडे आशेने बघत बसला असता.

सबमिशनच्या आदल्या रात्री तो बाइंडिंगवाल्याच्या दुकानात असतो. तापवलेल्या ठशांनी काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उमटतात आणि त्यांत ‘भामरागड’चं ‘भमारागड’ झालेलं असतं.

“चालते भाऊ, कोण वाचते?” बाइंडिंगवाला म्हणतो. त्याच्या हाताखालून इतके प्रबंध गेलेत की या बाबतीत त्याचा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही. पण याला घाम फुटतो. पुठ्ठा बदलला जातो आणि सकाळी तो सरांच्या सहीसाठी केबिनबाहेर उभा राहतो. सर बाहेरगावी असतात. ते नेहमीच बाहेरगावी असतात. दुपारी ते लग्नाच्या मांडवात सापडतात आणि पंगतीच्या कडेला, डाव्या हाताने कागद धरून, पाच प्रतींवर सही होते.

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पानं चाळतात आणि एकच प्रश्न टाकतात : “दोनच गावं घेतलीत? नमुना फार लहान नाही वाटत?” तो मान खाली घालतो. डॉ. राणी आणि अभय बंग यांचा स्त्रीरोगांवरचा 1989 चा ‘लॅन्सेट’मधला अभ्यास याच गडचिरोलीतल्या दोनच गावांवर बेतला होता आणि जगभर त्याची दखल घेतली गेली, हे त्या क्षणी त्याला कोणी कानात सांगत नाही. “पुढच्या संशोधनाला वाव आहे, सर,” एवढं तो म्हणतो. ते वाक्य सातव्या प्रकरणाच्या शेवटी असतंच. परीक्षक खूश होतात. समोसे येतात.

पुढच्या जूनमध्ये त्याला ज्युनियरचा फोन येतो. आता हा सीनियर. आवाजात वजन आलेलं असतं.

“दादा, मलाही भामरागडच दिलं सरांनी.”

“मग ऐक. मे महिन्यात गावात जाऊ नको, सगळे तेंदूवर असतात. मोह बघायचा असेल तर पहाटे चारला ऊठ. आणि आजीबाई बोलत असली तर पोराला मधे थांबवू नको, पूर्ण सांगू दे.”

यातलं एक अक्षरही त्याच्या प्रबंधात नाही. ज्युनियर जरा थांबतो.

“ते बघतो मी दादा. मार्जिन किती ठेवलं होतं?”

“डावीकडे दीड इंच.”

“आणि वर्ड फाइल?”

“पाठवतो. आजीचं नाव तेवढं बदलून घे.”