पायाळू आबा

करवीर तालुक्यात बोर मारायची तर तीन माणसं लागतात: शेताचा मालक, मशीनवाला आणि पाणाडी. पहिला कर्ज काढतो, दुसरा धुरळा काढतो आणि तिसरा पिशवीतून नारळ काढतो.

आमचे आबा यातले तिसरे. ते जन्माचे पायाळू. जगात येताना पाय आधी बाहेर काढल्यामुळं जमिनीखाली काय चाललंय ते त्यांना तळपायातून कळतं, अशी गावाची खात्री आहे. अलीकडं या जन्मजात पात्रतेला शास्त्राचीही जोड मिळाली. आबांचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह निघाला, आणि नारळ म्हणे याच रक्तगटाच्या हातावर उभा राहतो. तेव्हापासून रक्तगट छापलेलं गाडीचं लायसन आबा पोलिसांपेक्षा गिऱ्हाइकांनाच जास्त दाखवतात.

कामाची पद्धत ठरलेली. सकाळी उपाशीपोटी यायचं, चपला बांधावर काढायच्या, तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि देवाच्या पालखीपुढं चालावं तसं चालायचं. अर्ध्या शेतात नारळ कधीच उठत नाही. शेत संपत येतं, मालकाचा चेहरा उतरतो, तेव्हा कुठं नारळाला जाग येते. तो उभा राहिला की आबा जागेवर टाच रोवतात आणि जाहीर करतात, "हाण हितं. दीडशे फुटाला झरा. अडीच इंची पानी. आन् गोडं." खोली, धार आणि चव असे तिन्ही निकाल एकदम लागतात. आमच्या काळ्या पाषाणात पाणी कुठल्या भेगेत बसलंय हे सांगताना भूजलवाल्या अधिकाऱ्यांनाही घाम फुटतो. आबांना फुटत नाही.

बोर कोरडी गेली तर? जात नाही. म्हणजे आबांमुळं जात नाही. मशीनवाल्यानं वीतभर सरकवून मारलेली असते, मालकानं पन्नास फूट आधी कच खाल्लेली असते, नाही तर शेजाऱ्यानं आदल्याच महिन्यात बोर मारून झरा ओढलेला असतो. पाणी लागलेल्या बोरी आबांना मालकाच्या नावानिशी पाठ आहेत. कोरड्या बोरींची नोंद मालकाच्या कर्जखात्यात असते.

अशा या घराण्यात नातू निघाला फिजिक्सवाला. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करताना त्यानं आबांना मोठ्या कौतुकानं सांगितलं की, १९९९ मध्ये भूचुंबकत्व संस्थेनं आमच्या विद्यापीठात रेडिओलहरींचं रडार बसवलं. लहरी वर सोडायच्या आणि ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचा वारा मोजायचा.

आबा म्हणाले, "तितं वारा मोजून काय उफणनी करायची हाय व्हय? खालचं सांग."

मग नातू खाली आला, पण आला तो थेट हिमालयात. हिमाचलात छोटा शिग्री नावाची हिमनदी आहे. तिथं २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी रडार बर्फावर ठेवून लहर आत सोडली. ती तळाच्या खडकावर आपटून परत आली. बर्फातून लहर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात १६८ मीटर जाते. तेव्हा जायला-यायला लागलेला वेळ मोजला की खोली निघते. वरच्या अंगाला, ४९०० मीटर उंचीवर, बर्फ निघाला २७० मीटर जाड. लहर गेली आणि आली, एवढ्याला सेकंदाचे दहा लाखातले तीन-साडेतीन भाग पुरले.

आबांनी क्षणभर डोळे मिटले. "म्हंजे हिरीत वाकून 'ओ' दिल्यागत."

"अगदी तसंच, आबा."

"मग त्येला फिजिक कशाला पायजे?"

पण माणूस धंद्यातला, त्यामुळं नेमक्या जागी बोट ठेवणारा. आबांनी विचारलं, "बर्फात मदीच पानी आसलं तर?" नातू चपापला, कारण शास्त्रज्ञांचं दुखणं तेच होतं. गोठलेल्या कोरड्या बर्फातून लहर मैलोगणती जाते. अंटार्क्टिकात चार किलोमीटरच्या वर जाड बर्फाचा तळ रडारनं गाठलाय. पण हिमालयातला बर्फ पाझरणारा. त्यातल्या पाण्याच्या खिशांवर लहर विखरते आणि तळाचा आवाज गोंगाटात बुडतो. म्हणून तिथं मुद्दाम लांब लहर वापरतात. छोटा शिग्रीवर ४.२ मेगाहर्ट्झची होती.

"आन् आपल्या काळ्या रानात?"

नातवानं मान खाली घातली. ओली चिकणमाती लहर गिळून टाकते. पुष्कळदा मीटर-दोन मीटरांतच तिचा निकाल लागतो.

आबांना जग जिंकल्याचा आनंद झाला. "म्हंजे तुजं यंत्र पानी आसलं की मरतंय, आन् माजा नारळ पानी आसलं की उटतोय!" हे वाक्य दुसऱ्या दिवशी गंगावेशीत दूध प्यायला जमलेल्या मंडळींपर्यंत पोचलं. त्यात नातवाचं रडार चिखलात रुतून बसल्याची भरही पडली होती.

हरलेल्या नातवानं शेवटचा हुकमी पत्ता टाकला. विमानातून खालची उंची सांगणारं रडार ध्रुवाकडच्या बर्फावर चुकायचं. लहर बर्फाच्या पाठीला न जुमानता आत शिरायची आणि जमीन आहे त्याहून खोल दाखवायची. लोकांनी ही चूक दडवली नाही, लिहून ठेवली. एमॉरी वेट नावाच्या अमेरिकन माणसानं १९५७ मध्ये अंटार्क्टिकात तीच चूक कामाला लावली आणि बर्फाची जाडी मोजली. "आणि आबा, आजही आकड्यापुढं अधिक-उणे लिहितात. ४.२ मेगाहर्ट्झची लहर बर्फात चाळीस मीटर लांब असते, तेव्हा दहाएक मीटर इकडंतिकडं व्हायचंच."

आबा गंभीर झाले. "म्हंजे आपुन किती चुकू, ते आदीच लिवून द्यायचं?"

"हो."

"आन् तरी पैसं देत्यात?"

"सरकार देतं."

ही गोष्ट मात्र आबांच्या मनाला लागली. इतकी वर्षं मशीनवाला, मालक आणि शेजारी अशी तीन-तीन माणसं राबवून जे साधत होतं, ते हे लोक दोन शब्दांत उरकतात! पुढच्याच आठवड्यात वडणग्याच्या एका शिवारात नारळ उठला. आबांनी टाच रोवली, लायसन दाखवलं आणि निकाल दिला, "दीडशे फूट. अधिक-उणे दीडशे."

मालकानं बिचकून विचारलं, "आन् आबा, तुमची दक्षिना?"

"पाचशे. रोख," आबा म्हणाले. "त्यात अधिक चालंल, उणे न्हाय."