पोखरणचा धाक आणि रबरी होडी

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार नगरात दहा जण रबरी होडीतून उतरले. भारत उघडपणे अण्वस्त्रसज्ज झाला त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. भाभा अणुसंशोधन केंद्र त्याच शहरात, ट्रॉम्बेला. त्या दहापैकी कुणाचा पाय अडखळला?

मरायलाच आलेल्याला मरणाची धमकी काय देणार?

अण्वस्त्रांचा धाक एका गृहीतकावर उभा आहे. समोरच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी हवं: शहरं, धरणं, कारखाने, खुर्ची. याच हिशेबावर वॉशिंग्टन आणि मॉस्को चार दशकं एकमेकांवर डोळे वटारून बसले. दहशतवाद्याकडे यातलं काहीही नाही. त्याला पोसणाऱ्याकडे आहे, पण तो म्हणतो, ‘हा आमचा नव्हेच.’ त्या दहांपैकी कसाब जिवंत हाती लागला, तरी तो आपला नागरिक आहे हे मान्य करायला इस्लामाबादला जानेवारी उजाडावा लागला.

मे १९९८मध्ये पोखरण झालं, त्याच महिन्यात पाकिस्तानचं चगाईही झालं. आता दोघांकडे बॉम्ब, म्हणजे आता युद्ध अशक्य, असं छातीठोकपणे सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. मग मे १९९९मध्ये कारगिलच्या शिखरांवर कोण बसलं होतं?

रावळपिंडीने, म्हणजे पाकिस्तानी लष्कराने, त्या स्फोटांतून वेगळाच धडा घेतला. मोठं युद्ध होणार नाही, तर छोटं बिनधास्त करता येतं.

डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला. लाखोंचं सैन्य सीमेवर गेलं, दहाएक महिने तिथे राहिलं, सुरुंग पेरले, सुरुंग काढले, त्यात जवान गमावले आणि परत आलं. त्यानंतर लगेच, ४ जानेवारी २००३ला, आपलं अण्वस्त्र धोरण अधिकृतपणे जाहीर झालं. आपण पहिला वापर करणार नाही. आपल्यावर वापर झाला, तर मात्र शत्रूला सोसणार नाही असा प्रचंड प्रतिहल्ला करू.

धोरण शहाणपणाचं होतं. पण सीएसटीवर गोळ्या चालवणाऱ्याचा त्याच्याशी संबंध काय? मुंबईच्या बदल्यात आपण लाहोर जाळू, यावर जगात कुणाचाही विश्वास बसला नसता. बसला नाही तेच बरं.

परेडवर क्षेपणास्त्रं दिसली की ऊर भरून येतो. ते समजू शकतं. त्या रात्री गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे यांच्या हातात काय होतं? लाठी. देश क्षेपणास्त्रांचे पल्ले वाढवत होता आणि एके-४७समोर सहायक फौजदार लाठी घेऊन उभा होता. याचा संताप यायला हवा, अजूनही.

नंतर तरी किनारा राखला? ३१ जुलै २०११ला ‘पवित’ नावाचं तेलवाहू जहाज माणसांविना भरकटत थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. वाटेत कुणी हटकलं नाही. ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागली, आत एके-४७ होत्या. कट नव्हता, निव्वळ भरकटलेली बोट निघाली. शेखाडीला आरडीएक्स उतरवलं गेलेल्या रायगड जिल्ह्याला हे दिलासा म्हणून पुरेल?

पलीकडचं चित्र आणखी वाईट आहे. भारताने मर्यादित चढाईची तयारी सुरू केली, त्याला उत्तर म्हणून एप्रिल २०११मध्ये पाकिस्तानने ‘नस्र’ची चाचणी घेतली. साठ किलोमीटर पल्ल्याचं, अण्वस्त्र वाहू शकणारं क्षेपणास्त्र. इतका आखूड पल्ला म्हणजे ते आघाडीच्या जवळ न्यावं लागणार, आणि फुटेल तेही बहुधा त्यांच्याच भूमीवर. बरोबर पुढच्या महिन्यात कराचीच्या मेहरान नौदल तळावर अतिरेकी घुसले. दीड वर्षापूर्वी तर थेट रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयात घुसले होते.

ज्यांना स्वतःचं मुख्यालय राखता येत नाही, त्यांचे बॉम्ब रानोमाळ फिरणार!

आता आपल्याकडे वळू. २२ एप्रिल २०२५ला पहलगामला २६ माणसं मारली. त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातले. डोंबिवली, पुणे, पनवेलचे. उत्तर द्यायलाच हवं होतं आणि दिलं गेलं. बहावलपूर, मुरीदके इथले अड्डे फोडले, त्याबद्दल तक्रार नाही. आण्विक ब्लॅकमेल चालणार नाही, असं पंतप्रधान १२ मेला म्हणाले. तेही योग्यच.

अडचण त्याच्या दोन दिवस आधीच्या घोषणेत आहे. यापुढचा प्रत्येक दहशतवादी हल्ला युद्धच समजला जाईल, असं सरकारी सूत्रांनी सांगितलं. मग युद्ध कधी सुरू होणार, हे ठरवणार कोण? दिल्ली, की पुढच्या होडीतला पोरगा?

२०१६ला उरीनंतर आपण नियंत्रण रेषेपलीकडच्या तळांपर्यंत गेलो. २०१९ला बालाकोट. २०२५ला पंजाबचा गाभा, आणि अखेरीस रावळपिंडीचा नूर खान हवाई तळ. दर वेळी एक पायरी वर. १० मेला तर पाकिस्तानात अण्वस्त्र प्राधिकरणाच्या बैठकीची बातमी सुटली आणि काही तासांत त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांनी ती नाकारली. पुढची पायरी कुठली, हे कुणी सांगेल?

चूक होणारच नाही, असं म्हणणाऱ्यांनी ९ मार्च २०२२ आठवावा. आपलं ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. तीन अधिकारी बडतर्फ झाले. कुणी मेलं नाही, आणि दिवसही शांततेचे होते. हेच ९ मे २०२५च्या रात्री घडलं असतं तर?

आपल्याकडे सुमारे १८० अण्वस्त्रं, त्यांच्याकडे सुमारे १७०, असा स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा २०२५चा अंदाज आहे. बॉम्बला बॉम्बचा धाक, इतकंच त्यांचं काम. अतिरेक्याला रोखतो तो गस्तीचा दर्यावर्दी, वेळेवर पोचलेली खबर, बंदूक आणि चिलखत असलेला पोलीस आणि पुरावा टिकवणारा वकील. त्यांच्यासाठी मोर्चा कुठला पक्ष काढतो?

आणि ते २००३चं धोरण? ऑगस्ट २०१९मध्ये संरक्षणमंत्री पोखरणला म्हणाले, पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून. एवढा मोठा बदल सूचित करायचा आणि एका वाक्यात उरकायचा? दीडशे कोटी लोकांच्या मरणाजगण्याचा प्रश्न आहे. संसदेने दोन दिवस बसावं, धोरण टेबलावर ठेवावं, दहशतवादी हल्ल्यानंतर कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं, हे खासदारांनी सरकारला विचारावं. गुप्त ठेवायचं ते खुशाल ठेवा. पण प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागते?